भिंगरीचा रांजण कुणी भरला?

"मामी, माझा जीव मंदावलाय," सत्यशीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली.

दुर्गामामीच्या हातातली भाकर तव्याऐवजी थेट चुलीत गेली.

"अगं बाई, कधीपासून?"

"परवापासून. आधी कसा सूं करून जायचा. आता धापा टाकत जातोय."

"अन् मला आत्ता सांगून राह्यलीस?" मामीने पिठाचा हात तसाच तिच्या कपाळाला लावला. "कपाळ तर गार हाय. वसंता, मीठ-मिरच्या आण. जल्दी. पोरीला नजर लागली."

वसंता म्हणजे मामीचा मुलगा. सत्यशीलेपेक्षा दोन वर्षांनी लहान आणि चौपट बडबड्या. तो हसून हसून दाराच्या चौकटीला लोंबकळला होता.

"आई, अक्काचा जीव म्हंजे तिचा जीव न्हाई. डब्यातला जीव. भिंगरी."

आता मामीला कळलं. पण मीठ-मिरच्या हातात आल्या होत्या, आणि हातात आलेल्या मीठ-मिरच्या परत डब्यात टाकायच्या नसतात. तिने सत्यशीलेला हातातला खेळाचा डबा समोर धरायला लावला, त्याच्यावरूनच मूठ उतरवली आणि दिली चुलीत टाकून. असा ठसका उठला की घर खोकलं, गोठा खोकला, शहागडच्या पुलावर एक ट्रक उभा राहिला आणि ड्रायव्हर खाली उतरून शिंकला. आता ते ट्रकवाल्याला दुसऱ्या कशाने झालं असेल तर माहीत नाही.

"बघ," मामी पदराने डोळे पुसत म्हणाली. "नजर असती तर ठसका लागलाच नसता. नजर न्हाई ही. हे माणसाचं काम हाय."

सत्यशीला आणि वसंता एकमेकांकडे पाहत राहिले. मामी गंमत करत होती, पण बोलली ते अगदी खरं निघालं.

सत्यशीला तीर्थपुरीची. उन्हाळ्याच्या सुटीत दर वर्षी शहागडला मच्छिंद्रमामांकडे यायची. या वेळी ती येताना एक हातात मावणारा खेळाचा डबा घेऊन आली होती. वसंताकडेही तसाच एक होता, काच तडकलेला. दोन डब्यांमध्ये वायर लावली की झुंज खेळता यायची. खेळाचं नाव जपानी आणि लांबलचक होतं, म्हणून पोरं त्याला आपलं 'जीवगड' म्हणत. रानात फिरायचं, तऱ्हेतऱ्हेचे जीव धरायचे, वाढवायचे आणि लढवायचे.

भिंगरी हा सत्यशीलेचा जीव. निळं पाखरू, शेपटी कात्रीसारखी. तिने ते अंड्यातून काढलं होतं. अंडं उबायला खेळातल्या खेळात इतकं चालावं लागलं, की खरं चालली असती तर पैठणला जाऊन परत आली असती.

आणि येत्या रविवारी त्या भिंगरीची झुंज होती, भुजंगशी.

भुजंग हा मामीच्या बहिणीचा मुलगा. जुन्या जालन्यात राहायचा, वडिलांचं कापडाचं दुकान. दिवाळीत सगळे भेटले तेव्हा तो म्हणाला होता, "खेड्यातल्या जिवात काय दम असतो?" सत्यशीलेला राग आला आणि रागात तिने पैज मारली. हरणाऱ्याचा जीव वायरीतून जिंकणाऱ्याच्या डब्यात जायचा. कायमचा.

तेव्हापासून ती डबा उशाशी घेऊन झोपायची.

चिंचेखाली तिघांची बैठक बसली. तिसरी होती शेजारची आसरा. मेंढरांमागे फिरणाऱ्यांचं घर तिचं. वयाने सगळ्यात लहान, पण नाक असं, की वाऱ्यावरून सांगायची कुणाच्या घरी कढी झालीय आणि कुणाची करपली.

"मला आधी समजून सांग," आसरा म्हणाली. "लेव्हल तर वाढली ना तिची? मंग मंद कशी झाली?"

"लेव्हलचं काही न्हाई गं. वायर लावून झुंज झाली की लेव्हल सगळ्यांची सारखीच धरतात. खरी गोष्ट रांजणाची हाय." सत्यशीलेने काडीने मातीत एक रांजण काढला. हे सगळं तिने तीर्थपुरीच्या सायबर कॅफेत बसून वाचलं होतं. "प्रत्येक जिवाच्या पोटात असा एक रांजण असतो. दिसत न्हाई. तू ज्याला हरवशील, त्याचा गुण थेंब थेंब तुझ्या रांजणात पडतो. सुरसुऱ्याला हरवलं, की चपळाई. धोंडूला हरवलं, की कडकपणा. बैलाला हरवलं, की ताकद."

"अन् रांजण भरला की?"

"की संपलं. वरून कितीबी ओत, एक थेंब आत जात न्हाई. मी अर्धा रांजण ताकदीने भरला. उरलेला सगळा चपळाईने भरायचा म्हणून रोज नुसते सुरसुरे हरवून राह्यले. परवापासून चपळाई वाढेचना. म्हंजे रांजण भरला, बाकीचे जीव पुढं गेले अन् ही तिथंच. अन् कडकपणा हा एवढा."

"म्हंजे कुणीतरी धोंडू हरवलेत," वसंता म्हणाला. "तुझ्या डब्यावर. तू नसताना."

"अन् आपण दुपारी नदीवर पोहायला जातो तेव्हा डबा घरी असतो."

वसंताने लगेच हात वर केले. "माझ्याकडं बघू नको. मी तुझ्यासंगंच असतो."

आसराने डबा मागितला आणि बटनापाशी नाक नेलं. मग डोळे मिटले. मग दुसऱ्या नाकपुडीने हुंगलं.

"तंबाखू," ती म्हणाली. "अन् बटनाच्या खाचेत हे पांढरं हाय ना, हा चुना."

"चुना तर अर्धं गाव खातं," वसंता म्हणाला. "शेजारचे रामराव आजोबा खातात, नाना खातात, बँड वाजवणारा सांडू खातो…"

"नाना?" आसराने भुवई उडवली.

"येडी का तू? नानांनी डब्याला हात लावला तर सूर्य मावळतीला उगवल."

त्याचं बरोबर होतं. मच्छिंद्रमामा, म्हणजे वसंताचे नाना, त्या डब्याचे जन्माचे वैरी. रोज जेवताना एकच भाषण. "डोळे फुटतील. बोटं वाकडी होतील. आमच्या वेळी आम्ही विहिरीत उड्या मारायचो." आणि मामांची ती विहीर दर भाषणात आणखी एक परस, म्हणजे माणूसभर, खोल व्हायची.

घरात मामीचा आवाज चढला. "अहो, घड्याळ परत बंद पडलं. कालच तर सेल घातला होता. अन् बॅटरी बी लागंना. या घरातले सेल कोण खातंय? उंदीर?"

चिंचेखाली तिघांचीही नजर डब्यावर गेली. डब्याला दोन सेल लागायचे. घड्याळाला एक, बॅटरीला दोन, अगदी त्याच आकाराचे.

"उंदीर मोठा दिसतोय," आसरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोडशेडिंग होतं, म्हणजे नेहमीसारखंच होतं. पंखे थांबले होते आणि गाव एवढं शांत होतं, की माशी भिंतीवरून पाय घसरून पडली असती तरी ऐकू आली असती.

"मामी, आम्ही पोहायला चाललो," सत्यशीला मुद्दाम मोठ्याने ओरडली.

"गंगेला पाणी कमी हाय, पण चिखलात रुतू नका."

तिघं फाटकातून गेली, चिंचेला वळसा घातला आणि गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड येऊन बसली. डबा रोजच्या जागी, खिडकीत होता. फक्त सत्यशीलेने आवाजाचं बारकं चाक शेवटपर्यंत वर फिरवलं होतं, आणि मामीच्या बरणीतला चिकीचा गूळ त्या चाकाच्या फटीत असा दाबून बसवला होता, की आता ते चाक इकडचं तिकडे होणार नव्हतं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. आसराला शिंक आली, ती वसंताने तिचं नाक धरून परत पाठवली.

मग गोठ्यात कुणाची तरी पावलं वाजली. गव्हाणीपाशी कुणीतरी बसलं. टिक् असा आवाज झाला.

आणि जीवगडचं सुरुवातीचं संगीत सुरू झालं.

ते संगीत म्हणजे तुतारी, ढोल आणि पन्नास पितळी भांडी एका जिन्यावरून खाली येताना जो आवाज होईल तसा. दावणीचे दोन्ही बैल एका वेळी उडाले. कोंबड्या कौलावर गेल्या. रामराव आजोबा झोपेतून उठून "वरात कुणाची रं?" असं विचारत रस्त्यावर आले. गोठ्यात कुणीतरी "अरे थांब की, थांब ना बाबा," असं डब्याला विनवत होतं आणि गुळाने चिकट झालेलं चाक काही केल्या फिरत नव्हतं.

तिघांनी गंजीआडून उडी मारली.

गव्हाणीत, कडब्यावर, पाय पोटाशी घेऊन मच्छिंद्रमामा बसले होते. मिशीत कडब्याची काडी, मांडीवर डबा, अंगठ्याला चुना.

"नाना," वसंता ओरडला.

मामांनी डबा सदऱ्याखाली घातला. सदरा तुताऱ्या वाजवत राहिला.

"मी हे… जप्त करून राह्यलो होतो," मामा म्हणाले.

"सेल घालून?" आसराने विचारलं.

एवढ्यात मामी आली. तिने मामांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. मामांनी बंडीच्या खिशातून घड्याळाचा सेल काढून तिच्या हातावर ठेवला.

"बॅटरीचे?"

बॅटरीचे डब्यात होते. ते मामीने स्वतः काढले, तेव्हा कुठे गावाला शांतता मिळाली.

"पण मी तुझ्यासाठीच केलं गं सत्ते," मामा आता मऊ झाले होते. "त्या भुजंगला इंगा दाखवायचा म्हणलीस ना? मी म्हणलं, पोर पोहायला जाते, तेवढ्यात आपण जिवाला तालीम देऊ. असले धोंडू लोळवले म्हणतेस. एकेकाला दगडासारखा आपटला. दगडच होते म्हणा ते. हळू चालतात, हाताला बराबर लागतात."

सत्यशीलेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, तुम्ही पटाचा बैल औताला जुंपला."

मामांचा चेहराच उतरला. शंकरपटाच्या शर्यतीत धावलेल्या बैलांचे मामा. लेव्हल, रांजण, थेंब हे सगळं त्यांना तासभर सांगितलं असतं तरी कळलं नसतं, पण हे एका वाक्यात कळलं. पटाच्या बैलाला औत ओढायला लावलं की तो आडवा भरतो, जड होतो. मग त्याच्या पायातला वारा जातो.

"मी?" मामा हळूच म्हणाले. "मी असं केलं?" मग उठून उभे राहिले. "मी जालन्याला जातो. भुजंगच्या बापाला सांगतो, चूक माझी हाय, पैज मोडा."

"नको," सत्यशीला नाक पुसत म्हणाली. "पैज मी मारली. उपाय हाय एक. कारलं."

खेळात एक कडू फळ असायचं, पोरं त्याला कारलं म्हणत. ते खाऊ घातलं की रांजणातला कडकपणा थोडा थोडा सांडायचा. मग रिकाम्या जागेत चपळाई ओतता यायची. संध्याकाळी तिघं कारली गोळा करायला लागली, आणि मामा स्वतः सायकलवर जाऊन हायवेच्या दुकानातून नवे सेल घेऊन आले. कुणी न सांगता.

अर्धी कारली खाऊ घालून झाली होती, तेवढ्यात घरातला फोन वाजला. भुजंग होता.

"काय म्हणतंय तुझं पाखरू?" तो म्हणाला. "निरोप घेऊन ठेव. मी वावटळ आणणार हाय. सगळा रांजण चपळाई अन् ताकदीने ठासलाय. तुझ्या भिंगरीला मी तोंडसुद्धा उघडू देणार न्हाई. एका फटक्यात संपवतो."

सत्यशीलेने फोन ठेवला आणि ती ओट्यावर येऊन बसली. वावटळ म्हणजे रानमांजरासारखा जीव, मुळातच भिंगरीपेक्षा चपळ. भिंगरीचा अख्खा रांजण चपळाईने भरला तरी वावटळ पुढेच राहणार होता. आणि झुंजीत जो चपळ, त्याचा फटका पहिला.

"म्हंजे मामांनी काही केलं नसतं तरी मी हरलेच असते," ती म्हणाली.

वसंताने त्याला येत होतं ते केलं. वायर आणली. "चल अक्का, एक झुंज खेळू. ढेकळ्याचा हात शिवशिवून राह्यला."

ढेकळ्या हा वसंताचा जीव. चिखलाचा गोळा, पण फटका असा की भिंगरी दर वेळी एका दणक्यात गार व्हायची. आजही त्याने दणका घातला. भिंगरीची हिरवी पट्टी सर्रकन घसरली, पिवळी झाली, लाल झाली.

आणि थांबली.

"पडली न्हाई," आसरा म्हणाली.

"चुकून झालं असंल," वसंता म्हणाला आणि दोघं परत खेळले. परत भिंगरी लाल पट्टीवर उभी राहिली, आणि उलटा फटका मारून तिने ढेकळ्याला लोळवलं.

सत्यशीला डब्याकडे टक लावून बघत होती. मग तिने कारल्यांची पिशवी बंद केली.

"मामा," तिने हाक मारली. "इकडं या. तुम्हाला एक काम हाय."

मामा ओट्याच्या कडेला असे बसले होते, जशी शाळेत मास्तरांनी शिक्षा केलीय.

"वसंता त्याच्या डब्यात रानातून एक वावटळ धरून देईल. तुम्ही त्याला तालीम द्या. बिलकुल धोंडू न्हाई हां. आधी बैल, मंग सुरसुरे. तुम्ही भुजंग व्हायचं."

"उघड्यावर बसून खेळू?" मामांनी मामीकडे चोरून पाहिलं.

"खेळा," मामी म्हणाली. "गव्हाणीत बसलेलं बघवत न्हाई."

मग तीन दिवस त्या घरात जे चाललं, ते पाहून बैलांनीसुद्धा रवंथ थांबवला असेल. मामा खाटेवर मांडी घालून सुरसुऱ्यांमागे लागले. जीभ बाहेर, चष्मा कपाळावर. "पळतो कुठं, थांब लेका, तुझ्या बापाला धरलं मी काल." वावटळ तयार झाला, की वायर लावायची. मामांचा वावटळ फटका मारायचा आणि सत्यशीला पट्टी बघायची. भिंगरी उभी राहून पट्टी थोडी जास्त उरली, तर एक कारलं. पडली, तर मामांसारखाच एखादा धोंडू हरवायचा. एक फटका सोसायला लागेल तेवढाच कडकपणा ठेवायचा होता. उरलेल्या रांजणात एक थेंब वाया न घालवता ताकद भरायची होती. उलटा फटका एकच मिळणार होता, त्यातच वावटळ पडायला हवा.

शनिवारी संध्याकाळी भिंगरी मामांच्या फटक्याने लाल पट्टीच्या अगदी टोकावर उभी राहिली. केसाएवढी लाल. मग तिचा फटका बसला आणि मामांचा वावटळ आडवा झाला.

"हरलो," मामा एवढ्या आनंदाने म्हणाले, की रामराव आजोबा परत बाहेर येऊन वरात शोधायला लागले.

रविवारी भुजंग वडिलांच्या मागे गाडीवर बसून आला. केसांना तेल, डोळ्यांना गॉगल, डब्याला चामड्याचं पाकीट. ओट्यावर सगळे जमले. मामी, मामा, रामराव आजोबा, आसरा आणि तिचं एक मेंढरू. वायर लागली.

"लास्टचं बघून घे पाखराला," भुजंग म्हणाला.

सत्यशीलेने बटनावर अंगठा ठेवला.

वावटळ आधी सुटला, सगळ्यांना माहीत होतं तसाच. पंजा आला. भिंगरीची पट्टी घसरली. हिरवी. पिवळी. लाल. आणखी बारीक. मामांनी डोळे झाकून घेतले. आसराने मेंढराची मान आवळली.

पट्टी थांबली.

भुजंगने गॉगल काढला. "पडली का न्हाई ही?"

"धोंडू खाल्लेत तिने," वसंता म्हणाला.

मग भिंगरीने झेप घेतली. वावटळाची हिरवी पट्टी एका दमात रिकामी झाली आणि त्याने चारी पाय वर केले.

भुजंग डब्याकडे बघत होता. "पाखरात कडकपणा कोण भरतं?" तो म्हणाला. "कोणताच शहाणा माणूस पाखरात कडकपणा भरत न्हाई."

"बरोबर हाय," मामा मान डोलवत म्हणाले. "शहाण्याचं काम न्हाई ते. मी केलं."

सगळे एकदम हसले. भुजंगसुद्धा हसला. मग त्याने वावटळाचं पान उघडलं आणि वायर नीट केली. "घे. पैज ती पैज." आवाज बारीक झाला होता. "मी बी अंड्यातूनच काढला होता त्याला."

सत्यशीलेने त्याच्याकडे पाहिलं, आणि आपल्या डब्यातून वायर काढून घेतली.

"राहू दे. तुझा जीव तुझ्यापाशी," ती म्हणाली. "पण खेड्यातल्या जिवात दम असतो, हे जालन्यात जाऊन सांग. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला."

"सांगेल की. मी स्वतः सांगतो," भुजंगचे वडील म्हणाले. "काय डोकं हाय पोरीचं. झालेल्या नुकसानीचाच धंदा केला तिने."

रामराव आजोबांनी तिची पाठ थोपटली. "पट पाहिला, औत पाहिलं. पण दोन्ही करणारा बैल आज पहिल्यांदा पाहिला. तो बी पाखरू."

मामी चुलीवरचं पुरण उतरवून आली आणि पदराने वारा घेत म्हणाली, "झालं बाई. माझ्या जिवात जीव आला."

"कोणता जीव?" वसंताने विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

संध्याकाळपर्यंत मच्छिंद्रमामा चावडीवर सांगत होते, की त्यांनी एकट्याने, विहिरीच्या तळाशी बसून, पाचशे धोंडू लोळवले.

सोमवारी दुपारी तिघं पोहून परत आली, तर घड्याळ बंद होतं.

"मामा," सत्यशीला कमरेवर हात ठेवून म्हणाली.

पण मामा ओट्यावर आडवे पडून घोरत होते. असे, की खोटं घोरणाऱ्याला ते जमलंच नसतं.

आसराने खिडकीतला डबा उचलला, बटनापाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. मग तिने स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून मामीच्या बांगड्यांचा आवाज आला आणि एकदम थांबला.

"ज्वारीचं पीठ," आसरा म्हणाली.